ड्राफ्टआधी आपल्या संघाचे कॉर्नरबॅक कसे जोखावेत

एप्रिल उजाडला की आमच्या दक्षिण न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या) ड्राफ्टशिवाय, म्हणजे संघ कॉलेजमधल्या खेळाडूंतून फेरीफेरीने निवड करतात त्याशिवाय, दुसरा विषय नसतो. कोणी कॉलेजच्या मुलांच्या चाळीस यार्ड धावण्याच्या वेळा पाठवतं, कोणी दोन मिनिटांचे हायलाइट्स, आणि चहा संपायच्या आत निकाल लागतो: पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घ्या, म्हणजे पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू. आपल्याकडे आत्ता जे कॉर्नरबॅक आहेत ते कसे खेळले, कुणाला काय जमत नाही, कुठली जागा खरंच रिकामी आहे, हे कोणी पाहिलेलंच नसतं. घरातले डबे न उघडता वाणसामानाची यादी करावी, तसं हे. गेली बारा वर्षं मी दर वसंतात फिलाडेल्फिया ईगल्सचे कॉर्नरबॅक तपासते आहे, आणि माझं सांगणं एवढंच की सुरुवात आपल्या संघापासून करा. ड्राफ्टमधली मुलं नंतर.

उदाहरण २०२४ च्या ईगल्सचं घेते, कारण तेव्हा अडचण खरी होती. २०२३ च्या हंगामात संघाने पहिल्या अकरापैकी दहा सामने जिंकले आणि मग प्लेऑफ धरून शेवटच्या सातपैकी सहा हरले. पासवर दिलेल्या यार्डांत ३२ संघांमध्ये नंबर ३१ वा, म्हणजे शेवटून दुसरा.

यादी

आपल्या प्रत्येक कॉर्नरबॅकचं नाव, वय, करार कधी संपतो, किती स्नॅप (बॉल मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) खेळला, कुठे खेळला. अर्ध्या तासाचं काम आहे.

बाहेरचे आणि स्लॉटचा

"कुठे खेळला" हा रकाना मात्र गाळू नका. साइडलाइनजवळ खेळणारा कॉर्नरबॅक आणि आत स्लॉटमध्ये (बाहेरचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यामधल्या जागेत) खेळणारा, यांची कामं वेगळी आहेत. बाहेरच्याला साइडलाइनची मदत असते. रिसीव्हर त्या बाजूला फार जाऊ शकत नाही. स्लॉटमधल्याला ती भिंत नाही. रिसीव्हर डावीकडे वळेल की उजवीकडे, हे त्याला पावलांवरून ओळखावं लागतं, आणि धावेचा खेळ असेल तर मोठ्या अंगाच्या खेळाडूंना अडवावंही लागतं. कबड्डीत कोपरारक्षकाला मध्यरक्षकाच्या जागी उभं केलं तर काय होईल, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. इथे मात्र सगळ्यांना एकाच गठ्ठ्यात मोजतात.

ईगल्सचा स्लॉटवाला अव्हॉन्टे मॅडॉक्स २०२३ मध्ये दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला. त्यानंतर ती जागा कधी स्थिरावलीच नाही; ऑक्टोबरमध्ये ब्रॅडली रोबीला बाहेरून आणावं लागलं. यादीत नावं भरपूर होती, स्लॉटसमोर भरवशाचं एकही नव्हतं.

फिल्म

टीव्हीच्या चित्रीकरणावर कॉर्नरबॅक जोखता येत नाही. कॅमेरा बॉलमागे जातो आणि कॉर्नरबॅक चौकटीत येतो तो बॉल त्याच्या डोक्यावर आल्यावरच. त्याआधीच्या तीन सेकंदांत जे घडलं तेच तर बघायचं असतं. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात ती उंचावरून घेतलेली ‘ऑल-ट्वेंटीटू’ फिल्म लागते, आणि ती लीगच्या वर्गणीत मिळते. चार सामने निवडा: एक हंगामाच्या सुरुवातीचा, एक शेवटचा, एक तगड्या क्वार्टरबॅकविरुद्ध (पास फेकणारा तो क्वार्टरबॅक), एक साध्या. सगळे सतरा बघायचा हट्ट नको. चार सामने नीट बघायला मला एका खेळाडूमागे दोन संध्याकाळी लागतात.

आता अवघड भाग: तो रिसीव्हर होता कुणाचा?

इथे मी पहिली तीन-चार वर्षं सपशेल चुकले. एका कॉर्नरबॅकबद्दल मी महिनाभर ग्रुपवर ठासून लिहीत होते की हा संपला, याला काढा. माझ्याकडे सहा लांब पासांची यादी होती. सहाही वेळा रिसीव्हर पुढे, हा तीन पावलं मागे धावतोय. आमच्या शेजारी हायस्कूलच्या संघाला शिकवणारे एक कोच राहायचे. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पहिला पास बघितला आणि विचारलं, "हा रिसीव्हर त्याचा होता, हे तुला कुणी सांगितलं?" मला उत्तर देता आलं नाही. सहापैकी चार वेळा तो रिसीव्हर सेफ्टीचा, म्हणजे सगळ्यात मागे राहणाऱ्या बचावपटूचा, होता. ज्याने आपलं काम चोख केलं होतं त्याच्या नावावर मी दुसऱ्याच्या चुका लिहिल्या होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण तो प्रश्न विसरू नका.

मॅन कव्हरेजमध्ये कॉर्नरबॅकला एक माणूस नेमून दिलेला असतो आणि तो जाईल तिथे जायचं असतं. झोनमध्ये त्याला माणूस नसतो, मैदानाचा तुकडा असतो. घोटाळा होतो तो झोनमध्ये. कव्हर टूमध्ये मागे दोन सेफ्टी मैदान अर्धं अर्धं वाटून घेतात, आणि कॉर्नरबॅक पुढे, साइडलाइनजवळच्या उथळ जागेत थांबतो. रिसीव्हरला सुरुवातीला धक्का द्यायचा आणि मग मागच्या सेफ्टीच्या हवाली करायचं. तो रिसीव्हरला सोडतो, कारण त्याला तेच सांगितलेलं असतं. सेफ्टी उशिरा पोचला की वीस यार्डांवर पास पूर्ण होतो, आणि टीव्हीवर मागून धावत येणारा कॉर्नरबॅकच दिसतो. बदनाम तोच होतो. कव्हर थ्रीमध्ये उलट: मैदानाच्या मागच्या भागाचा एक तृतीयांश तुकडा त्याचा, म्हणून त्याच्यापुढे सात यार्डांवर पास पूर्ण झाला तर ती त्याची हार नाही. कव्हर फोरमध्ये मागची चौथाई त्याची; तिथेही आखूड पास तो जाणूनबुजून देतो.

मग ओळखायचं कसं? प्रत्येक पासला फिल्म दोनदा थांबवा. पहिल्यांदा स्नॅपच्या क्षणी, दुसऱ्यांदा क्वार्टरबॅक मागे सरकून मागचा पाय रोवतो तेव्हा. फक्त पहिल्या चित्रावर विसंबू नका. सेफ्टी स्नॅपआधी मुद्दाम खोटी मांडणी दाखवतात. दोघे मागे दिसतात आणि बॉल हलताच एक पुढे येतो. दुसऱ्या चित्रात मागे किती उरले ते मोजा. एक उरला तर बहुधा कव्हर वन (मागे एक सेफ्टी, बाकीचे मॅनमध्ये) किंवा थ्री. दोन उरले तर टू, फोर किंवा दोन्हींची सरमिसळ.

मग कॉर्नरबॅकचे डोळे बघा. पाठ साइडलाइनकडे आणि नजर क्वार्टरबॅकवर असेल तर तो झोनमध्ये आहे. छाती रिसीव्हरकडे आणि नजर त्याच्या कंबरेवर असेल तर मॅन. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ही खूण. दुसरी म्हणजे मोशन: स्नॅपआधी रिसीव्हर एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि एक बचावपटू त्याच्यामागे मैदान ओलांडून गेला, तर बहुतेक वेळा मॅन.

दोन-तीन रिसीव्हर एकमेकांना चिकटून उभे असतील तेव्हा विशेष जपा. तिथे बचावपटू आधीच ठरवतात की बाहेर जाईल तो तुझा, आत येईल तो माझा. अदलाबदल फसली की एक रिसीव्हर मोकळा सुटतो, आणि चूक दोघांतल्या कुणाची हे फिल्मवरून सांगणं कठीण असतं. अशा वेळी अंदाज करू नका. माझ्या वहीत "ठरवता येत नाही" असा तिसरा रकाना आहे, आणि तो सुरू केल्यावर पहिल्या दोन वर्षांत जवळजवळ चौथाई पास त्यात गेले. तो रकाना रिकामा ठेवणाऱ्याच्या तपासणीवर माझा विश्वास नाही. आणि पास पूर्ण झाल्यावर कॉर्नरबॅकने हात पसरले, सेफ्टीकडे बघितलं, म्हणून चूक सेफ्टीची, असं लिहिणारे रोज भेटतात. हातवाऱ्यांना पुरावा मानू नका.

काम कळलं की मग गुण द्या. मॅनमध्ये: स्नॅपनंतर घाईने कंबर वळवली का, पहिल्या पाच यार्डांत हात लागला का (त्यापुढे धक्का दिला की दंड), मागे पडल्यावर अंतर भरून काढलं का, बॉल हवेत असताना मान वळवून तो शोधला का. झोनमध्ये: हद्द राखली का, बॉल सुटायच्या आत निघाला का, टॅकल पक्कं झालं का. बॉल त्याच्याकडे आला नाही तेव्हाही गुण द्या. महिनाभराच्या कामातलं हेच सर्वांत कंटाळवाणं काम, आणि हेच टाळलं जातं.

नवा समन्वयक, नवं काम

ईगल्सच्या चाहत्यांनी हे एकदा महागात शिकलं आहे. नाम्दी असोमवा रेडर्सकडे रिसीव्हरच्या अंगाला भिडून मॅन खेळायचा, बहुतेक उजव्या बाजूला. क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने फेकायलाच धजत नसत. २०११ मध्ये ईगल्सने त्याला पाच वर्षांचा, ६ कोटी डॉलर्सचा करार दिला आणि इथे त्याच्याकडून झोन खेळवलं, जागा बदलून खेळवलं. दोन हंगामांत त्याला सोडलं. तो एका रात्रीत खेळ विसरला, असं मी मानत नाही.

म्हणून फिल्म बघताना डावपेच कोण ठरवत होतं हे पानाच्या डोक्यावर लिहा. २०२३ मध्ये ईगल्सचा बचाव आधी शॉन देसाईंकडे होता (एनएफएलमध्ये समन्वयक, म्हणजे बचावाचे किंवा आक्रमणाचे डावपेच ठरवणारे कोच, झालेले ते पहिले भारतीय वंशाचे), आणि डिसेंबरमध्ये तो मॅट पॅट्रिशियांकडे गेला. एकाच हंगामाची दोन पुस्तकं झाली. त्यांचे गुण एकत्र करू नका. पुढच्या वर्षी विक फँजिओ येणार हेही जानेवारीतच कळलं होतं. ते दोन सेफ्टी मागे ठेवून झोन खेळवतात. तेव्हा झोनमधले गुण जड धरायचे, मॅनमधले हलके.

आकडे

फिल्म झाल्यावरच. आधी बघितले की डोळे तेच शोधतात.

इंटरसेप्शनवरून (समोरच्या संघाचा पास मध्येच पकडणं) कॉर्नरबॅक ठरवू नका. ट्रेव्हॉन डिग्जने २०२१ मध्ये ११ पकडले, आणि त्याच हंगामात त्याच्याविरुद्ध पूर्ण झालेल्या पासांवर हजाराहून जास्त यार्डही गेले. "त्याच्याविरुद्धचं पासर रेटिंग" (त्याच्याकडे फेकलेल्या पासांवरून काढलेला आकडा; जितका कमी तितका कॉर्नरबॅक चांगला) वापरायला हरकत नाही. प्रत्येक पास जमिनीवर आपटला तरी ते ३९.६ येतं, एवढं लक्षात ठेवा म्हणजे प्रमाण कळेल. पण तो पास कुणाच्या नावावर मांडायचा हे मोजणाऱ्यानेच ठरवलेलं असतं, म्हणजे शेजारच्या कोचांचा प्रश्न इथेही उभा आहे. दंड मोजा. पास अडथळ्याच्या दंडात बॉल थेट गुन्ह्याच्या जागी जातो, आणि तो चाळीस यार्डांचाही असू शकतो.

चाळीस यार्डांची वेळ शेवटी. २०२२ च्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधी कॉलेजच्या खेळाडूंची चाचणी) कॅलॉन बार्न्स ४.२३ सेकंदांत धावला आणि सातव्या फेरीपर्यंत थांबला. तारिक वूलन ४.२६ मध्ये धावला, पाचव्या फेरीत गेला आणि पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शन करून लीगच्या अव्वल आकड्याशी बरोबरी केली. घड्याळाने या दोघांत काही फरक सांगितला नव्हता.

कार्ड लिहिणं

शेवटी निष्कर्ष एका कार्डावर लिहा, पण नुसतं "कॉर्नरबॅक हवा" असं लिहू नका. कुठली जागा, कोणत्या वर्षी रिकामी, आणि कोणतं काम करणारा हवा, ते लिहा. २०२४ चं माझं कार्ड असं होतं. डेरियस स्ले: ३३ वर्षांचा, बाहेर अजून भरवशाचा, पण एकाच हंगामापुरता धरा. जेम्स ब्रॅडबेरी: ३० वर्षांचा, करार बाकी, पाठलागाचा वेग गेलेला, बाहेर त्याच्यावर अवलंबून राहू नका. कीली रिंगो आणि ईलाय रिक्स: पहिलं वर्ष झालेलं, थांबा. मॅडॉक्स: तब्येतीचा भरवसा नाही. म्हणजे बाहेर एक आणि स्लॉटला एक, दोन्ही त्याच वर्षी खेळतील असे, आणि दोघेही बॉलकडे नजर ठेवून झोन खेळणारे.

संघाने २२ व्या क्रमांकावर टोलेडोचा क्विन्यॉन मिचेल घेतला. २००२ नंतर ईगल्सने पहिल्या फेरीत कॉर्नरबॅक घेण्याची ती पहिलीच वेळ. मग वर सरकून ४० व्या क्रमांकावर आयोवाचा कूपर डीजीन. मिचेलने २०२४ च्या नियमित हंगामात एकही इंटरसेप्शन केलं नाही, आणि पासवर सर्वांत कमी यार्ड देणारा संघ त्या वर्षी ईगल्स होता.

हात बसवायचा असेल तर ९ फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) उघडा आणि डीजीनने त्याच्या बाविसाव्या वाढदिवशी समोरच्या क्वार्टरबॅकचा, पॅट्रिक महोम्सचा, पास पकडून टचडाउन केलं तो स्नॅप काढा. स्नॅपला थांबवा, क्वार्टरबॅकचा मागचा पाय रोवला जाईल तिथे परत थांबवा, आणि बॉल सुटायच्या आत डीजीनचं काम काय होतं ते वहीत लिहा.