काउंटर हजारावर, मन म्हापशाच्या बाजारात : जिक्र करताना या चुका टाळा

गोव्यातल्या डिचोलीत घराला लागूनच माझं शिलाईचं दुकान आहे. दोन मशिनी, एक इस्त्री, आणि कापडाच्या चिंध्यांनी भरलेली गोणी. मागे एकदा रमजानच्या तोंडावर नणंदेनं मला तस्बीहचं, म्हणजे जप मोजायचं, काउंटर दिलं, अंगठीसारखं बोटात घालायचं. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. मी रोज हजार पुरे करायचे आणि रात्री नणंदेला फोनवर आकडा सांगायचे. एका दुपारी तोंडानं सुब्हानल्लाह (अल्लाह पवित्र आहे) चालू होतं, त्याच तोंडानं गिऱ्हाइकाला अस्तराचे वेगळे पैसे सांगत होते, आणि मधेच मुलावर खेकसले. तो शांतपणे म्हणाला, "अम्मी, मला ओरडलीस तेव्हापण बटण दाबलंस."

दाबलं होतं खरं.

जिक्र या अरबी शब्दाचा अर्थ आठवण, उल्लेख; म्हणजे अल्लाहचं नाव घेत त्याला आठवणं. एवढं साधं काम आपण अवघड कसं करून ठेवतो, ते गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि आसपासच्या बायकांच्या अनुभवावरून कळलं. ते इथे लिहिते. मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही, तेव्हा मसल्याचा, म्हणजे धर्मनियमाचा, प्रश्न असेल तर आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारा.

आकड्यामागे धावणं

मोजणं वाईट नाही. नमाजनंतर ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह (सगळी स्तुती अल्लाहची), ३३ वेळा अल्लाहु अकबर (अल्लाह सर्वांत मोठा) आणि शंभरावा कलमा (अल्लाह एकच असल्याची ग्वाही), हे हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, आलं आहे. पैगंबरांनी (स.) बायकांना बोटांवर मोजायला सांगितलं, कारण कयामतच्या (अंतिम निवाड्याच्या) दिवशी या बोटांना विचारलं जाईल आणि ती बोलतील. चूक होते ती आकडाच काम होऊन बसला की.

पैगंबरांच्या पत्नी हजरत जुवैरिया (रजि.) यांची गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) वेळी पैगंबर घरातून निघाले तेव्हा त्या जानमाजवर (नमाजच्या चटईवर) बसल्या होत्या. चांगलं ऊन वर आल्यावर ते परतले, तरी त्या तिथेच. तेव्हा पैगंबर म्हणाले, तुझ्याकडून गेल्यावर मी चारच वाक्यं तीनदा म्हटली, आणि ती तुझ्या सकाळपासूनच्या सगळ्या जिक्रशी तोलली तर भारी भरतील. त्या वाक्यांचा अर्थ असा : अल्लाहची पवित्रता आणि स्तुती, त्याच्या निर्मितीच्या संख्येइतकी, त्याच्या मर्जीइतकी, त्याच्या सिंहासनाच्या वजनाइतकी, त्याच्या शब्दांच्या शाईइतकी. हे ऐकल्यावर माझ्या काउंटरचा हजार कुठे ठेवायचा?

उपाय म्हणून मी हजारावरून दहावर आले. काउंटर कपाटात गेलं. दहा वेळा म्हणायचं, पण प्रत्येक वेळी काय म्हणतेय ते स्वतःच्या कानाला कळेल असं. मन पळालंच तर त्याला शिव्या देत बसायचं नाही, पुढच्या वेळेपासून पुन्हा धरायचं.

"फुरसत मिळाली की बसेन"

ही सगळ्यात मोठी चूक, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही. नीट वजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) करावं, जानमाज घालावी, पंखा लावावा, कोणी हाक मारणार नाही अशी वेळ शोधावी. अशी वेळ आमच्या घरात शेवटची कधी आली होती ते मला आठवत नाही. कुरआनात बुद्धिमान माणसांची ओळख सांगितली आहे ती उभं राहून, बसून आणि कुशीवर पडून अल्लाहला आठवणारे अशी (सूरह, म्हणजे अध्याय, आलि इम्रान, १९१). माणसाच्या अंगाला याहून चौथी स्थिती कोणती असते?

म्हणून मी शब्द कामांना बांधले. सकाळी पोदेराची (पाववाल्याची) पों पों ऐकू आली की पिशवी घेऊन दाराशी जाईपर्यंत अल्हम्दुलिल्लाह. दारात आलेला ताजा पाव अल्लाहनंच धाडला आहे. आदोळीवर बसून नारळ खवताना सुब्हानल्लाह. हात तोच ठेका धरतो. मशीनच्या सुईत दोरा ओवताना बिस्मिल्लाह (अल्लाहच्या नावानं). स्कूटरची किल्ली फिरवताना प्रवासाची दुआ, तीही कुरआनातलीच आयत (वचन) आहे (सूरह जुख्रुफ, १३) : ज्यानं हे आमच्या ताब्यात दिलं तो पवित्र, नाहीतर हे आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पावसाळ्यात उतारावर चाक घसरलं की या आयतीचा दुसरा भाग चांगलाच पटतो.

सवय नवी लावायची तर जुन्या सवयीच्या पदराला बांधावी, नाहीतर आठवडाभरात सुटते. आणि सुरुवात एकाच कामापासून करावी. मी पहिल्याच दिवशी सात कामं ठरवली होती, सातही विसरले.

नवरा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कापडाची पथारी लावतो. आठवड्याचा मोठा बाजार नेमका जुम्याच्या दिवशी, आणि गर्दी नेमकी दुपारी. शेजारी मिरच्या विकणाऱ्या बाईला "जरा बघ गो" सांगून तो नमाजला जातो. परत आल्यावर कधी कधी कुरकुरायचा, की मशिदीत मन लागतं, इथे आलं की पुन्हा मीटर, वार आणि घासाघीस. मग आम्ही सूरह जुमाच्या त्या आयती अर्थासकट वाचल्या. अजान झाली की खरेदी-विक्री सोडा, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढची आयत म्हणते, नमाज संपली की जमिनीवर पांगा, अल्लाहची कृपा शोधा आणि अल्लाहला खूप आठवा. म्हणजे "खूप आठवा" हे शब्द आले आहेत ते माणूस पुन्हा धंद्याला लागल्यावर! आता तो मीटरपट्टी हातात घेतली की बिस्मिल्लाह म्हणतो. कापड चार बोटं जास्तच जातं, असा माझा हिशेब आहे. तो मान्य करत नाही.

पाळीचे दिवस म्हणजे सुट्टी

आमच्यात बऱ्याच जणी नमाज माफ असलेल्या दिवसांत सगळंच बंद करतात. आठवडाभरानंतर पुन्हा सुरू करायला जड जातं, आणि दर महिन्याला तेच. खरं तर जिक्र, दुआ, दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), इस्तिगफार (क्षमायाचना) यांना वजूची अट नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) सांगतात की पैगंबर आपल्या सर्व अवस्थांत अल्लाहचं स्मरण करत. पाळीत कुरआनपठण करावं की नाही यावर उलेमांची (धर्मपंडितांची) मतं वेगवेगळी आहेत, ते आपापल्या मसलकप्रमाणे (पंथाप्रमाणे) पाहावं. पण सुब्हानल्लाह म्हणण्यावर कोणाचीच हरकत नाही. मी त्या दिवसांत नमाजच्या वेळेला पाच मिनिटं तशीच बसते. घड्याळ चुकत नाही. (न्हाणीघर, संडास ही मात्र जागा नव्हे. मोबाईलवर अजकार (जिक्रची वाक्यं) लावून आत जाणाऱ्यांनी हेही बघावं.)

देवनागरीवर विसंबणं

माझी शाळा मराठीतून झाली, त्यामुळे मी दुआ शिकले त्या देवनागरीत छापलेल्या पुस्तकातून. त्या पुस्तकांनी मोठी सोय केली यात वाद नाही. पण अरबीत काफ दोन आहेत, एक घशातून येणारा. मोठ्या काफनं 'कल्ब' म्हटलं की हृदय, लहान काफनं म्हटलं की कुत्रा. आपल्या लिपीत दोन्ही 'कल्ब'च दिसतात. 'अल्लाहु अकबर' ओढून 'अकबार' केलं तर अर्थ ढोल-नगाऱ्यांवर जातो. आणि 'सुब्हान' भरभर म्हणताना आपल्या जिभेवर तयार असलेला भ पुढे येतो, 'सुभानल्ला' होतं. ब वर ओठ मिटून थांबायचं, मग घशातून ह काढायचा. मला हे मदरशात जाणाऱ्या पुतणीनं आरशासमोर उभं करून शिकवलं, माझ्याच दुकानातल्या ट्रायलच्या आरशासमोर.

चुकेल म्हणून गप्प बसू नका. पुस्तक आधाराला ठेवा, पण निदान पाच वाक्यं जाणकाराच्या तोंडून ऐकून घ्या. अर्थ मात्र मराठीतच समजून घ्या. तो आपल्या भाषेत आतपर्यंत जातो.

इन्शाअल्लाहची सबब

गणेशचवथीच्या आधी माझ्याकडे ब्लाउजांचा ढीग लागतो. "शनिवारी देते, इन्शाअल्लाह," असं मी सर्रास म्हणायचे. एकदा जुनं गिऱ्हाईक हसत म्हणालं, "तू इन्शाअल्ला म्हटलंस की शनिवारी मिळत नाही, हे मला आता कळलंय. नुसतं हो म्हण." मला घाम फुटला. अल्लाहचं नाव मी माझ्या ढिलाईवर पांघरूण म्हणून घालत होते, आणि ते समोरच्या हिंदू बाईला माझ्याआधी कळलं होतं.

ज्या सूरह कहफचं पठण पुष्कळ घरांत दर शुक्रवारी होतं, तिच्यातच ही आज्ञा आहे (२३-२४) : 'हे मी उद्या करीन' असं कधी म्हणू नका, अल्लाहची इच्छा असेल तर, हे जोडल्याशिवाय. म्हणजे करायचं ठरलेलंच असतं, फक्त उद्याचा दिवस आपल्या हातात नाही. आता मी आधी चिठ्ठीवर तारीख लिहिते, कापड त्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाकते, मग म्हणते.

इतर काही

वजीफा, म्हणजे ठरावीक दिवस ठरावीक पठण, हा औषधाचा डोस नव्हे. मुलीचं लग्न जमावं, व्हिसा मिळावा म्हणून दुआ जरूर मागावी. पण चाळीस दिवस अमुक पढलं आणि काम झालं नाही म्हणून जिक्रच सोडून दिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. "हे दहा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत खुशखबर येईल" हे मेसेज तर सरळ पुसावेत.

दिखावाही कळत नकळत शिरतो. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाही काळातली. पाहुणे आले की आम्ही तिथे नेतो. तलावाच्या पायऱ्यांवर फोटोसाठी बसताना माझा हात आपोआप पर्समधल्या तस्बीहच्या माळेकडे गेला होता. काढली नाही, पण गेला होता. आवाजाचंही तसंच. एका प्रवासात सोबती मोठमोठ्यानं तकबीर (अल्लाहु अकबर) म्हणू लागले तेव्हा पैगंबरांनी सांगितलं, स्वतःवर दया करा, तुम्ही बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही आहात.

खंड पडला तर

पडतोच. माझा चवथीच्या आणि नाताळच्या गर्दीत दरवर्षी पडतो. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी काहीच होत नाही. थोडं असलं तरी नियमानं केलेलं काम अल्लाहला सर्वांत प्रिय, असं हदीस आहे. जेवताना बिस्मिल्लाह राहिलं तर अर्ध्या जेवणात 'बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू' म्हणायची सोय आहे, पहिल्या घासासाठी आणि शेवटच्याही. बांगड्याचा काटा काढता काढता मला बहुतेक वेळा तेव्हाच आठवतं. कहफच्या त्याच आयतीत पुढे आहे : विसरलात तर आपल्या रबला (पालनकर्त्याला) आठवा.

रात्रीचं एक सांगायचं राहिलं. जात्यावर दळून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्या वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या. पैगंबरांनी मुलीला आणि जावयाला नोकराहून बरं असं काहीतरी दिलं : झोपण्यापूर्वी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. हजरत अली (रजि.) यांनी ते पुढे कधीच सोडलं नाही, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीही नाही. दिवसभर मशीन मारून माझ्या बोटांना सुईचे टोचे असतात, तेव्हा ही तस्बीह मला माझीच वाटते. शेवटच्या चौतीसपर्यंत मात्र मी क्वचितच पोचते. अकरा-बाराव्या अल्लाहु अकबरला डोळा लागतो आणि पाय मशीनच्या पायडलावर असल्यासारखा हलत राहतो, असं नवरा सांगतो.