इंग्रज अधिकाऱ्याची सॅश बांधताना या चुका टाळा

असई, खडकी, कोरेगाव, सत्तावन्न. आपल्या नाटकांत आणि महानाट्यांत लाल कोटातला इंग्रज अधिकारी हमखास येतो. कोट बहुतेकदा बरा शिवलेला असतो, पण सॅश, म्हणजे कमरेला किंवा खांद्यावरून तिरका बांधायचा रुंद पट्टा, मात्र आयत्या वेळी उरकलेली दिसते. उरलेल्या साटिनची चकचकीत पट्टी कधी या खांद्यावरून जाते, कधी त्या. मला हे फार खटकतं, कारण सॅश पाहून माणसाचा हुद्दा, पलटण आणि काळसुद्धा ओळखता येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साल न ठरवता सॅश बांधणं. १७६८च्या हुकमाने ब्रिटिश पायदळाच्या अधिकाऱ्यांची किरमिजी रेशमी सॅश कमरेला आली. कंपनीच्या फौजेतले अधिकारीही पोशाखात साधारण राजाच्या फौजेचाच कित्ता गिरवत. म्हणून असई (२३ सप्टेंबर १८०३), खडकी (५ नोव्हेंबर १८१७) आणि कोरेगाव (१ जानेवारी १८१८) या तिन्ही प्रसंगांत पायदळी अधिकाऱ्याची सॅश कमरेलाच हवी. १८५५मध्ये नवा ट्युनिक कोट आला आणि सॅश डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे जाऊ लागली. सत्तावन्नच्या प्रसंगात लाल ट्युनिक घातलेला अधिकारी दाखवायचा तर ती तशीच हवी. सार्जंटची सॅश उजव्या खांद्यावरून. हे दोघे शेजारी उभे राहिले की उलटी सॅश लगेच डोळ्यांत भरते. पुढे १९०२मध्ये पायदळी अधिकाऱ्यांची सॅश पुन्हा कमरेला आली.

कमरेच्या सॅशची गाठ पोटावर मारू नका. पायदळात ती डाव्या बाजूला, घोडदळात उजव्या. हायलँड (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या) पलटणींचे अधिकारी मात्र त्या काळीही सहसा डाव्या खांद्यावरून सॅश घेत. असईला ७४वी आणि ७८वी या हायलँड पलटणी लढल्या, तेव्हा तिथे सरसकट एकच पद्धत लावू नका.

आता रंग. कोट आणि सॅश एकाच ताग्यातून कापली की सॅश कोटात विरघळून जाते. अधिकाऱ्याचा कोट भडक लाल, सॅश किरमिजी, म्हणजे जांभळटाकडे झुकणारी आणि गडद. आपला ‘किरमिजी’ आणि इंग्रजांचा ‘क्रिम्झन’ हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, रंग देणाऱ्या किड्याच्या ‘किर्मिझ’ या नावावरून आलेले. दुकानात ‘लाल’ न मागता ‘किरमिजी’ मागा आणि कोटाचा तुकडा सोबत न्या. जरीचा काठ नको, तो आपल्या शेल्याला शोभतो. रेशीम अधिकाऱ्याचं. सार्जंटची सॅश लोकरीची, आणि १८०३ किंवा १८१८च्या प्रसंगात तिच्यावर पलटणीच्या कॉलर-कफांच्या रंगाचा पट्टा हवा.

‘सॅश दर दहा मिनिटांनी घसरते,’ ही तक्रार मी दर प्रयोगाला ऐकतो. दोष बांधणाऱ्याचा नाही, कापडाचा आहे. खरी सॅश कापून शिवलेली नसे. ताणलेले धागे एकमेकांत गुंफून ती जाळीसारखी केलेली असे. त्यामुळे ती ताणली जाते, अंगाला धरते आणि उलगडली की चांगली रुंद होते. अमेरिकेत १७५५मध्ये मोनोंगाहेलाच्या लढाईत ब्रिटिश सेनापती जनरल ब्रॅडॉक जबर जखमी झाला. त्याला त्याच्या सॅशमध्ये घालूनच नेलं, अशी परंपरेने चालत आलेली हकिगत आहे. ती सॅश आज जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथल्या घरी जपलेली असून तिच्या विणीतच १७०९ हे साल आहे.

तशी वीण आपल्याला परवडत नाही. जाळीदार होजिअरीचं कापड मिळालं तर उत्तम. नाहीतर साधं, बिनचमकीचं कापड उरेब (तिरकं) कापून घ्या, म्हणजे थोडा ताण येतो. लांबी इतकी ठेवा की कमरेला दोन वेढे बसून दोन्ही टोकं मांडीवर लोंबतील. लांबीत घड्या घालून गुंडाळा, पण इस्त्री करून सपाट पट्टी करू नका. चुण्या दिसायला हव्यात. टोकांना रेशमी दोऱ्यांची झालर लावा. पडद्याचे तयार गोंडे लगेच ओळखू येतात. कोटाच्या पाठीवर आतून दोन टाके घातले की घसरण थांबते. १८०३ किंवा १८१८चा कोट असेल तर सॅश नितंबांवर उतरू देऊ नका, ती बरीच वर, खऱ्या कमरेवर बसते.

शेवटची चूक चित्रांवरून नक्कल करताना होते. असईला इंग्रज फौजेचा सेनापती असलेल्या आर्थर वेलस्लीच्या काही चित्रांत उजव्या खांद्यावरून रुंद लाल फीत दिसते. ती सॅश नव्हे, ऑर्डर ऑफ द बाथ या किताबाची फीत आहे. तो किताब त्याला १८०४मध्ये मिळाला. असईच्या रणांगणावरच्या वेलस्लीला ती घालू नका; त्याच्या कमरेला किरमिजी सॅश पुरे.