मालिकेत टिकायचं असेल तर

मी मालिकांमध्ये काकू करते, आत्या करते, हल्ली सासूही करते. हिरॉइन कधीच नव्हते, त्यामुळे स्टार कसं व्हायचं ते मला विचारू नकोस. काम मिळत कसं राहील, तेवढं सांगते.

हातात नोकरी असेल तर घाईने सोडू नकोस. रीमा लागू बँकेतली नोकरी सांभाळून नाटकं करत होत्या. एक मालिका संपून दुसरी मिळेपर्यंत सहा-सहा महिने जातात आणि अंधेरीतला घरमालक तेवढा थांबत नाही.

ऑडिशनसाठी सगळे वर्सोव्याच्या आराम नगरात जातात, तूही जाशील. दारातला मुलगा वरखाली बघून "नॉट फिट" म्हणेल. हुज्जत घालायची नाही. त्याला वय आणि उंची सांगून ठेवलेली असते, तुझा अभिनय त्याने पाहिलेलाच नसतो. सरळ पुढच्या दारात जायचं. आत गेल्यावर आधी इंट्रो: नाव, वय, उंची, काय काय केलंयस, मग डावी-उजवी प्रोफाइल. निम्म्या मुली इथेच पडतात, कारण सीन घोटून येतात आणि स्वतःचं नाव मात्र पाढे म्हटल्यासारखं सांगतात. कपडे साधे, एकरंगी. बारीक रेघांचं कापड कॅमेऱ्यात थरथरतं.

घरून ऑडिशन पाठवायची असेल तर खिडकीकडे तोंड करून उभी राहा, पाठ करून नको. क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला, बहिणीला किंवा रूममेटला घे. तिने फोनच्या अगदी शेजारी उभं राहायचं, म्हणजे तुझी नजर योग्य जागी राहते. आणि तिला हळू बोलायला सांग. माइक तिच्या जवळ असतो, नाहीतर ऑडिशन तिचीच होते!

ऑडिशनचे, नाव नोंदवायचे म्हणून कोणी पैसे मागितले तर पर्स उचलायची आणि निघायचं. काम लागल्यावर ते मिळवून देणारा कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, ते वेगळं. सिंटा म्हणजे आपली कलाकारांची संघटना. तिच्या कार्डाची चौकशीही थेट संघटनेच्या ऑफिसात कर, मधल्या माणसाकडे नाही.

करार मात्र नीट वाच. रोजचे किती, हे सगळ्याच बघतात. महिन्याला किमान किती दिवस देणार, शिफ्ट 12 तासांची लिहिली आहे का, मालिका चालू असताना दुसरं काम घेता येईल का, हेही बघ. नाटक करत असशील तर शनिवार-रविवारचे प्रयोग करारातच घालून घे. सेट घोडबंदर रोडला आणि संध्याकाळी प्रयोग पार्ल्याच्या दीनानाथला, अशा दिवशी "चारला सोडतो गं ताई" या तोंडी शब्दावर विसंबायचं नाही. दिग्दर्शक बदलला की तो शब्दही जातो.

सेटवर सीनचे कागद आयत्या वेळी हातात येतात, कधीकधी शाई ओली असते. पाठांतराची भीती लवकर जाते. खरी गोची कंटिन्युइटीची, म्हणजे एकाच सीनच्या वेगवेगळ्या शॉट्समध्ये हालचाली जुळण्याची. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन एकत्र घेतात त्यात, 'अगं' म्हणताना उजव्या हाताने कप उचललास, की तुझ्या क्लोजअपलाही 'अगं'लाच आणि उजव्याच हाताने. म्हणून नवीन असताना हातात काही घेऊच नकोस. घ्यावंच लागलं तर चहा प्यायचं नाटक कर, खरा घोट नको. सजेशन, म्हणजे समोरच्याच्या खांद्यावरून घ्यायचा शॉट, लागेपर्यंत त्यावर साय धरलेली असते. आणि समोरच्याच्या क्लोजला तू फ्रेममध्ये नसलीस तरी क्यू मनापासून दे. मला दोन कामं तरी अशा समोरच्या नटांनी नाव सुचवल्यामुळे मिळाली आहेत.

आता पैसे. बहुतेक ठिकाणी 90 दिवसांनी मिळतात, म्हणजे पहिल्या महिन्याच्या कमाईवर चौथ्या महिन्यात घर चालतं. त्यातून 10 टक्के टीडीएस कापतात. रिटर्न भरलं नाहीस तर परत मिळण्यासारखे पैसेही तिथेच राहतात. एक वही कर: तारीख, सेटवर पोचल्याची वेळ, पॅकअपची वेळ. महिनाअखेरीला ती प्रॉडक्शनच्या हिशेबाशी ताडून बघ. मालिका अचानक बंद झाली की शेवटचं बिल अडकतं, आणि सिंटाकडे तक्रार घेऊन गेलीस की करारासोबत हीच वही पुढे करता येते.