संडे स्कूलचा एक तास: एकच गोष्ट, पण पोहोचेल अशी

रविवारी सकाळी चर्चच्या संडे स्कूलमध्ये मुलं गोंगाट करतात, गोष्ट अर्ध्यावर सुटते, बायबलचं वचन दोघांनाच पाठ होतं आणि घरी जाताना शिक्षकाच्या मनात येतं, हे आपलं काम नव्हे. असं वाटलं म्हणून लगेच पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, चावी परत देऊ नका. बहुतेक वेळा खोट शिक्षकात नसते, तासाच्या आखणीत असते. चार गाणी, दोन गोष्टी, वचन, चित्र आणि वर नाताळची तालीम एका तासात कोंबली की कशालाच वेळ पुरत नाही. एका रविवारी एकच गोष्ट घ्या. गाणं, खेळ, वचन तिच्याभोवतीच फिरू द्या.

तयारी शनिवारी रात्री नको. सोमवारी शास्त्रभाग, म्हणजे पाठाचा बायबलमधला उतारा, वाचून ठेवा, म्हणजे आठवडाभर तो डोक्यात घोळत राहतो. बुधवारपर्यंत एक वाक्य लिहा: मुलानं घरी काय न्यायचं? वाक्यात दोनदा ‘आणि’ आलं तर समजा, तुम्ही अजून तीन गोष्टी शिकवायला निघाला आहात. शुक्रवारी गोष्ट घड्याळ लावून मोठ्यानं सांगून बघा. मनातल्या मनात 8 मिनिटांत होणारी गोष्ट तोंडानं सहज 15 मिनिटं घेते. बालवाडीच्या वयाची मुलं 6-7 मिनिटं ऐकतात, तिसरी-चौथीची 12. त्यापुढं ताणली की चुळबुळ सुरू होते, आणि आपण तिला बेशिस्त म्हणतो.

तासाची वाटणी साधारण अशी ठेवा: मुलं येईपर्यंत 10 मिनिटं हाताला काम, 10 मिनिटं गाणी आणि प्रार्थना, 12 गोष्ट, 15 कृती, 8 वचन, शेवटची 5 प्रार्थना आणि घरी सोडणं. पहिली 10 मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. शिक्षक मुलांच्या आधी 15 मिनिटं वर्गात हवा. मुलं आधी आणि शिक्षक नंतर आला तर वर्ग मुलांचा होतो, आणि पुढचा अर्धा तास तो परत मिळवण्यात जातो.

हरवलेलं मेंढरू: एक पाठ जवळून

बायबलमधलं लूक 15:4-7 घ्या: 100 मेंढरांतलं एक हरवतं, मेंढपाळ ते सापडेपर्यंत शोधतो आणि सापडल्यावर आनंद करतो. इथल्या मुलांना मेंढपाळ चित्रातून दाखवावा लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ-हातकणंगल्याकडं ऊस निघालेल्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली त्यांनी पाहिलेली असतात, रस्ता अडवून चाललेला कळप आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला धनगरही. तिथूनच सुरुवात करा. संध्याकाळी मेंढरं आत घेताना एक कमी भरलं तर तो माणूस काय करेल, हे विचारा आणि थांबा. उत्तर मुलांकडूनच येऊ द्या.

गोष्टीच्या आधी 100 चिंचोके मोजायला द्या. 10-10 चे ढीग करायला सांगा. एक चिंचोका तुम्ही आधीच काढून खोलीत लपवलेला असतो, त्यामुळं एका ढिगात 9 च भरतात. मुलं पुन्हा मोजतात, एकमेकांवर संशय घेतात, शेवटी एकजण म्हणतो, ‘टीचर, एक हरवलाय!’ मग शोधायला सोडा. सापडल्यावर जो ओरडा होतो तो थांबवू नका. मेंढपाळाचा आनंद समजावून सांगायला तुम्हाला लागली असती ती 5 मिनिटं तिथंच वाचली.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो. लहान मुलं चिंचोका नाकात घालतात किंवा गिळतात, म्हणून 5 वर्षांखालच्यांना बाटलीची मोठी झाकणं द्या, तीही 20 च. लपवायची जागा मुलांच्या हाताला येईल अशी हवी. कपाटावर ठेवलात तर खुर्च्यांवर चढाचढी होते. आणि हरवलेल्या मेंढराची उपमा वर्गातल्या कुणाला देऊ नका. दोन रविवार न आलेल्या मुलाकडं बघून ‘हे आपलं हरवलेलं’ असं गमतीनं म्हटलं, तरी ते पोर तिसऱ्या रविवारी येत नाही.

वचन आणि वाचन

वचनासाठी लूक 19:10 (मनुष्याचा पुत्र हरवलेल्यांना शोधायला आणि तारायला आला) याच पाठाला बसतं. फळ्यावर लिहा, सगळ्यांनी मिळून दोनदा म्हणा, मग दोन शब्द पुसा, पुन्हा म्हणा, आणखी दोन पुसा. शेवटी कोरा फळा बघून मुलं वचन म्हणतात. घरी एक भाषांतर, चर्चमध्ये दुसरं, आईच्या मोबाइलमध्ये तिसरं असेल तर मुलं शब्दाशब्दाला अडखळतात. मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी मिळून, वर्षासाठी एकच ठरवावं. सगळ्यात आधी म्हणणाऱ्याला चॉकलेट हा नेम मोडा. ज्याच्या घरी पाठ करून घ्यायला कुणी नाही, तो दर रविवारी हरतो.

हल्ली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात आणि जोडाक्षरापाशी अडतात. अशा मुलाला सर्वांसमोर ओळीनं वाचायला उभं करू नका. ‘मिळून वाचू’ म्हणा आणि तुमचा आवाज पुढं ठेवा. शेवटच्या बाकावर कुणाला अक्षरं लावून वाचायला शिकवावं लागलं, तरी पाठ मागे पडतोय असं मानू नका. 1780 मध्ये ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्सनं रविवारची शाळा काढली ती आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठीच.

दंगा करणाऱ्या मुलाला नावानं ओरडण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा, तेवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर त्याला खडू, फडकं, रजिस्टर यांतलं एक काम द्या. वर्गाबाहेर उभं करणं हा उपाय नाही, कारण बाहेर त्याच्याकडं लक्ष द्यायला कुणी नसतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी वाढलं की खालच्या भागातली मुलं येत नाहीत. 20 च्या जागी 6 आली तरी ठरलेला पाठ रद्द करू नका. दोन वर्ग एकत्र करा, गोष्ट लहानांच्या मापानं सांगा आणि मोठ्यांना लहानांची कृती घ्यायला लावा. पत्र्याच्या डब्यात पेन्सिली, सुतळी, चिमटे, जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद कायम भरलेले असू द्या. रेनकोट टांगायला दाराबाहेर दोरी बांधा, नाहीतर चटया ओल्या होतात आणि मुलं तासभर कुडकुडतात.

यात सवलत नाही

प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं हवीत, शक्यतो एकाच घरातली नकोत. दार उघडं असावं. एकट्या मुलाला घेऊन कुणीही मोठ्या माणसानं बंद खोलीत बसू नये, मग तो पंच (मंडळीच्या कमिटीतला) असो वा पाळक. मूल कुणी नेलं याची रजिस्टरवर सही घ्या. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. शेंगदाण्याची चिक्की वाटण्याआधी कुणाला ती चालत नाही हे प्रवेशाच्या फॉर्मवरच विचारून ठेवा.

एखाद्या मुलानं त्याच्यावर अत्याचार झाल्याचं सांगितलं, तर ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा, 2012 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अपराधाची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळीच्या बैठकीत मिटवायची ही बाब नव्हे, आणि कळवणारा मंडळीची बदनामीही करत नसतो. चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर 1098 वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा.

तुमच्या स्वतःसाठीही एक नियम करून घ्या: सलग 3 रविवार घेतले की चौथा दुसऱ्याचा, आणि त्या दिवशी उपासनेला बसायचं. वर्षभर उपासना चुकवणारा शिक्षक आतून कोरडा पडतो, आणि मुलांना ते आपल्याआधी कळतं. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी पाठाचं पान आणि डब्याची चावी शुक्रवारीच पोहोचवा.

वर्ग सुटल्यावर लगेच 5 मिनिटं वहीत लिहा: कोण गप्प होतं, कुणी प्रार्थनेला काय मागितलं, कोण आलं नाही. न आलेल्याच्या घरी बुधवारपर्यंत फोन करा. ‘का आला नाहीस?’ असं विचारू नका, ‘चिंचोका शोधायला तू हवा होतास’ म्हणा.