माशा मारत बसू नका, बांधा! नागपुरात बसून ट्राउटची फ्लाय कशी बनवायची

फ्लाय म्हणजे ट्राउट मासा पकडायला हुकावर पिसं आणि दोरा बांधून बनवलेली खोटी माशी. उन्हाळ्यात ती बांधायला बसायचं असेल तर पहिलं काम, कूलर बंद करा. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही कारण ते लोक ओरेगॉन नाहीतर माँटानात बसून बनवून राहिले, त्यांना काय माहीत मे महिना काय असतो. मी पहिल्यांदा माराबूचं, म्हणजे मऊ पिसांचं, पाकीट कूलरसमोर उघडलं आणि दोन सेकंदात पिसं हॉलभर, एक तर थेट फोडणीत. आई म्हणे, "लोकं माशा मारत बसतात, हा माशा बांधत बसतो." कूलर बंद केला की घामानं पीस बोटाला चिकटतं, म्हणून मी पहाटे पाचला बसतो. डिसेंबरात काही टेन्शन नाही.

आता कोणी विचारेल की नागपुरात ट्राउट कुठे? नाही ना भाऊ. ट्राउटला थंड पाणी लागतं, 20 डिग्रीच्या वर गेलं की तो त्रासतो, आणि आपल्या टाकीतल्या पाण्यात मे महिन्यात हात धुवायला जीव होत नाही. हिमाचलची तीर्थन नदी नाहीतर काश्मीरची लिद्दर, तिकडे जावं लागतं, लायसन्स काढावं लागतं, आणि हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते कारण तेव्हा ट्राउट अंडी घालतो. म्हणजे वर्षातून एक ट्रिप, बाकीचे दिवस घरी टेबलावर. टेस्टिंग मामाच्या शेततळ्यात चिलापीवर, तिला फ्लाय चालते, ती काही नखरे करत नाही.

पहिली फ्लाय वूली बगरच बनवा. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगनं 1967 मध्ये काढलेली. दिसायला केसाळ सुरवंट, पण पाण्यात ओढली की जळूही वाटते, छोटा मासाही वाटते, त्यामुळे कुठेही चालते. नवीन लोक छोट्या ड्राय फ्लायपासून, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायपासून, सुरुवात करतात, 16 नंबरचा हुक घेतात आणि आठ दिवसात सगळं सामान कपाटात जातं. हुकाचा नंबर जितका मोठा तितका हुक लहान, हे लक्षात ठेवा. तुम्ही 8 नंबरचा लांब दांडीचा घ्या.

सामान. हुक आणि माराबू ऑनलाइनच मागवा. माराबू म्हणजे आता टर्कीचं मऊ पीस, नाव तेवढं माराबू करकोच्याचं राहिलं. व्हाइस, म्हणजे हुक पकडून ठेवायचा शिकंजा, महाग वाटत असेल तर लॉक होणारी पक्कड टेबलाला शिकंजानं आवळा, माझं पहिलं वर्ष त्यावरच गेलं. दोरा नागपूरच्या इतवारी बाजारात मिळतो, बारीक आणि मजबूत पॉलिएस्टर, जाड दोरा अजिबात नको. तिथेच जरी घ्या, शेपटीत दोन तार घातले की पाण्यात चमकतात. तांब्याची बारीक तार जळालेल्या कूलरच्या पंपात फुकट मिळते. बॉडीसाठी शेनील, म्हणजे तो मखमली केसाळ दोरा, क्राफ्टच्या दुकानात असतो.

हॅकल म्हणजे कोंबड्याचं लांब पीस. ब्रॉयलरचं चालत नाही, पक्षी कोवळा असतो, पीस रुंद आणि लिबलिबीत. गावरान कोंबड्याच्या मानेचं नाहीतर पाठीचं घ्या, रविवारी सावजी रस्सा होणारच आहे तर दुकानदाराला आधी सांगून ठेवा. शॅम्पूनं धुवा, कडक वाळवा, पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये, नाहीतर किडे बाकीची पिसंही खातात. फ्रीजरची परवानगी घरून काढायची जबाबदारी तुमची. रानकोंबड्याचं पीस मात्र कोणी आणून दिलं तरी घेऊ नका, वन्यजीव कायद्यात येतो तो.

चला बांधू. हुकाचा काटा, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पक्कडीनं आधीच दाबून टाका, मासा सोडताना त्याला त्रास नाही आणि तुमच्या बोटात गेला तर तुम्हालाही नाही. हुक तुटणारच असेल तर आताच तुटू दे. मग हुक व्हाइसमध्ये आवळा, डोळा, म्हणजे लाइन ओवायचं छिद्र, उजवीकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यातच नव्वद टक्के लोक फसतात, मीही पहिल्या दहा फ्लाय यातच घालवल्या. डोळ्यामागे दोन डोळ्यांएवढी जागा मोकळी सोडा. दोऱ्याची सुरुवातच तिथून करा आणि शेवटपर्यंत त्या जागेत काहीही येऊ देऊ नका. प्रत्येक वेळी वाटतं अजून एक वेढा बसते, आणि शेवटी डोकं बांधायला जागाच नाही, डोळ्यात पिसं घुसलेली, लाइन ओवता येत नाही.

दोरा एकाला एक लावून वाकापर्यंत न्या. माराबूचं पीस ओल्या बोटानं चिमटा, शेपटी दांडीएवढी लांब ठेवा. उरलेलं पीस कापू नका, दांडीवरच आडवं ठेवून त्या मोकळ्या जागेच्या अलीकडपर्यंत बांधत आणा, म्हणजे बॉडीला मध्येच खड्डा पडत नाही. शेपटी लांब झाली तर कात्री नको, नखानं चुटका, कात्रीनं कापली की झाडूसारखी दिसते.

परत मागे जाऊन तांब्याची तार बांधा. शेनीलच्या टोकाचे केस नखानं खरवडून आतला धागा उघडा करा, तोच बांधा, नाहीतर तिथे गाठोडं होतं. दोरा पुढे आणा, मग शेनील वेढे घेत पुढे आणा, बांधा, कापा. जागा राहिली का? पाहा परत.

हॅकल पुढच्या बाजूनं बांधायचं, बुडखाचा कापूस सोलून, चमकदार बाजू डोळ्याकडे, म्हणजे तंतू मागे झुकतात. तंतू हुकाच्या तोंडाच्या, म्हणजे टोक आणि दांडीमधल्या अंतराच्या, दीडपट-दुप्पट असावे. पाच-सहा मोकळे वेढे घेत शेपटीपर्यंत मागे न्या आणि तिथे तारेनं पकडा. आता तार उलट्या दिशेनं फिरवत पुढे आणा, आणताना थोडी डावी-उजवी हलवत राहा म्हणजे तंतू दबत नाहीत. ही तार नसली तर एका माशाच्या दातात हॅकल तुटतं आणि अख्खी फ्लाय उसवते. तार कात्रीनं कापू नका, हलवून हलवून तोडा, कात्रीची धार वाचते.

आता त्या वाचवलेल्या जागेत छोटं डोकं. व्हिप फिनिश, म्हणजे शेवटची गाठ, जमत नसेल तर बॉलपेनची रिफिल काढा, पेनच्या टोकावर दोऱ्याचा फास घेऊन टोक हुकाच्या डोळ्याला लावा आणि फास सरकवा. तीन-चार वेळा. वरून ट्रान्सपरंट नेलपॉलिश, थेंबभर, आणि डोळा भरला तर ओलं असतानाच पिसाच्या काडीनं साफ करा.

सुकली की बादलीत टाकून दोऱ्यानं ओढून पाहा. कोरडी असताना फ्लाय कशी दिसते याला काही अर्थ नाही, ओली झाल्यावर माराबू हललं पाहिजे. नसेल हलत तर तुम्ही पीस जास्त घातलं.

स्टीलहेडसाठी हीच फ्लाय थोडी बदलायची. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन मोठा होऊन नदीत परत येणारा, आणि परत आल्यावर तो फारसा खात नाही, चिडून नाहीतर सवयीनं तोंड मारतो. म्हणून मोठी आणि भडक. हुक 4 नाहीतर 2 नंबरचा, सगळं जांभळं किंवा काळं, आणि डोक्याच्या जागी गुलाबी शेनीलचे तीन वेढे, म्हणजे जळूनं अंडं तोंडात धरल्यासारखं दिसतं. एग-सकिंग लीच म्हणतात हिला. इथे डोळ्यामागची जागा दुप्पट सोडावी लागते. माझा आत्येभाऊ ओरेगॉनला असतो, यंदा त्यानं बारा मागितल्या. त्यात मोरपीस घालशील का म्हणून विचारत होता, पण मोरपीस देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, त्यामुळे शेनीलवरच भागवलं. नऊ झाल्या, तीन उद्या पहाटे.