स्वयंसेवी सागरी बचाव पथक: आधी कान, मग बोट

चार पैसे जमले की नवं पथक आधी बोट घेतं, आणि तिथेच गाडं अडतं. बोट एका दिवसात येते. ती रात्री दोनला पाण्यात उतरवणारी माणसं तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून सुरुवात वायरलेसच्या पहाऱ्यापासून करा. आणि पहिला सेट लावण्याआधीच देशाच्या सागरी शोध-बचाव केंद्राशी लेखी करार करून परवाने घ्या. बोट कुणाच्या आदेशाने निघणार, हे अपघाताच्या वेळी ठरवायची गोष्ट नव्हे.

संकटातल्या हाकांसाठीचा वायरलेसचा चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, यावर अखंड कान हवा. या चॅनलच्या व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे सेटच्या ताकदीपेक्षा अँटेनाची उंची जास्त कामाची. समोरच्या लहान होडीचा अँटेना पाण्यापासून २ मीटरवर असेल, तर तुमच्या ४ मीटर उंचीच्या अँटेनाला साधारण ७-८ सागरी मैलांपर्यंत ऐकू येतं. तोच ३० मीटरवर नेला की १५. महागडा सेट घेण्याआधी टेकडीवर जागा शोधा.

पहाऱ्याबरोबर जाण्या-येण्याची नोंद सुरू करा: बोटीचं नाव आणि रंग, माणसं किती, कुठे चालले, परत कधी, किनाऱ्यावरच्या माणसाचा फोन. परतीची वेळ टळली की आधी वायरलेस, मग फोन, मग धक्क्यावर माणूस पाठवून गाडी आणि ट्रेलर उभे आहेत का ते बघा. पुष्कळदा बोट सुखरूप बांधलेली असते, मालक नोंद बंद करायलाच विसरलेला असतो. धक्क्यावर नसेल तर लगेच केंद्राला कळवा. ‘अजून थोडं थांबू’ म्हणण्यात उजेड निघून जातो.

माणसांचा हिशेब सोपा आहे. बोटीवर ४ जण लागत असतील तर यादीत २० ते २४ हवेत, कारण नोकरी, आजारपण, लग्नकार्य कुणालाच चुकत नाही.

बोट निवडताना वर्षभराच्या नोंदवहीत मदतीच्या हाका कुठून आल्या ते बघा. ब्रिटनची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन १८२४ ची. पण किनाऱ्यालगत हौशी लोकांची गर्दी वाढली तेव्हा तिनेही १९६३ मध्ये हवा भरायच्या लहान बोटी आणल्या. आणि वाढ म्हणजे बोटीच असं नाही. दक्षिण आफ्रिकेत १७ मच्छीमार बुडाल्यानंतर १९६७ मध्ये उभ्या राहिलेल्या बचाव संस्थेने २०१७ पासून किनाऱ्यावर गुलाबी बोये, म्हणजे बुडणाऱ्याने धरून राहायची तरंगती साधनं, टांगले. जवळ असलेल्या कुणालाही ते फेकता येतात.

आता लाइफ जॅकेट. १५० न्यूटनच्या (न्यूटन हे तरंगवणाऱ्या बळाचं माप) हवा भरणाऱ्या जॅकेटात साधारणपणे ३३ ग्रॅम वायूचा सिलिंडर असतो. बोटीच्या हादऱ्यांनी तो आट्यांमधून हळूहळू सैल होतो. बाहेरून जॅकेट नवंकोरं दिसतं, पण दोरी ओढली की वायू आत जातच नाही. म्हणून दर महिन्याला कव्हर उघडा आणि सिलिंडर हाताने घट्ट पिळा. मग तो काढून वजनकाट्यावर ठेवा: वजन वर छापलेल्या एकूण वजनापेक्षा कमी भरलं तर बदला. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं तर बाद. मांड्यांमधला पट्टा बांधायचा कंटाळा करतात, पण तो नसला की पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडावर येतं.

माणूस नेमका कुठे पडला ते माहीत असेल तर तिथे आधी तरंगती खूण टाका. जीपीएसवरचा बिंदू जमिनीला बांधलेला असतो, माणूस मात्र पाण्याबरोबर वाहतो. खूणही त्याच पाण्याबरोबर जाते. खुणेपासून १० नॉटने (ताशी १० सागरी मैल) ३ मिनिटं सरळ जा, उजवीकडे १२० अंश वळा, पुन्हा ३ मिनिटं, पुन्हा १२० अंश वळून ३ मिनिटं, की परत खुणेपाशी. तिथे न वळता सरळ पुढे जा आणि हेच चालू ठेवा. ९ रेषांत, म्हणजे २७ मिनिटांत, एक फेरी पुरी होते. दुसरी ३० अंश फिरवून घ्या. सुकाणूवरच्याने शोधायचं नाही, त्याने फक्त दिशा आणि घड्याळ सांभाळायचं.

सापडलेला माणूस बोटीलगत आला की इंजिनाचा पाण्यातला पंखा थांबलाच पाहिजे. तो थंड पाण्यात बराच वेळ असेल तर त्याला उभा ओढू नका. पाण्याच्या दाबाने शरीरातलं रक्त सावरून धरलेलं असतं. उभा वर काढला की ते पायांत उतरतं, रक्तदाब कोसळतो आणि हृदयही थांबू शकतं. काखेखाली एक आणि गुडघ्यांखाली एक असे दोन पट्टे घालून आडवा घ्या. तो बुडतच असेल तर मात्र जमेल तसा वर घ्या. हा सराव ८० किलोच्या पुतळ्यावर, अंधारात करा. दिवसा शांत पाण्यात तो सगळ्यांनाच जमतो.

रोजचं काम मात्र बंद इंजिनाच्या बोटी ओढून आणण्याचं. जवळ जाण्याआधी त्यांचा एखादा दोर पाण्यात लोंबतोय का बघा. तो पंख्यात गुंतला की बंद बोटी दोन होतात. ओढायचा दोर इतका सोडा की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर येतील, नाहीतर प्रत्येक लाटेला झटका बसतो. दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही: ताणलेला नायलॉन तुटला की चाबकासारखा परततो. दोर कापायला सुरी हाताशी हवी, पेटीत नको.

परतल्यावर आधी इंधन भरा, इंजिनं गोड्या पाण्याने धुवा आणि अहवाल त्याच दिवशी लिहा. त्यात ‘वाचवलेले जीव’ आणि ‘मदत केलेली माणसं’ हे दोन वेगळे रकाने ठेवा. आपण गेलो नसतो तर गेलाच असता, असाच माणूस पहिल्या रकान्यात. इंधन संपलेल्या बोटीतले शांत समुद्रावरचे सहा जण दुसऱ्यात.