घोरपडीच्या कल्पित वंशजांची उत्क्रांती कशी रचावी

शिकारी सरड्यांचे काल्पनिक कुळ रचायला बसले की हात आधी दात आणि शिंगे रेखाटू लागतो. त्याऐवजी आधी जिवंत प्राण्यांतून पूर्वज निवडावा. माझ्या मते घोरपडीइतका सोयीचा पूर्वज दुसरा नाही, कारण तिच्या कुळात जेमतेम वीतभर लांबीच्या ऑस्ट्रेलियातील जातीपासून 3 मीटरपर्यंत वाढणाऱ्या कोमोडो ड्रॅगनपर्यंत सारे काही आहे.

त्यानंतर त्या पूर्वजाची अडचण शोधावी. सरडा धावताना त्याचे धड डावीउजवीकडे वळते आणि फासळ्यांचे तेच स्नायू श्वासालाही लागत असल्याने त्याला धावणे आणि श्वास घेणे एकदम नीट साधत नाही. घोरपडीने यावर गळ्याचा भाता काढला आहे, म्हणजे ती गळा फुगवून-दाबून हवा फुप्फुसांत ढकलते. आपल्याकडे बांधावरून पळून दमलेली घोरपड थांबली की तिचा गळा फुगताना आणि बसताना स्पष्ट दिसतो. म्हणून लांबवर पाठलाग करणारा वंशज हवा असेल, तर तो भाता वाढवावा किंवा पाय हळूहळू धडाखाली आणावेत. मात्र मधल्या प्रत्येक टप्प्यावरचा प्राणी स्वतःच्या बळावर जगू शकला पाहिजे.

जागा म्हणून बेट घ्यावे. इंडोनेशियातील कोमोडो आणि रिंचा बेटांवर मोठे मांसभक्षक सस्तन प्राणी नाहीत, आणि शीतरक्ती शिकाऱ्याला तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने फारच थोडे अन्न पुरते. तेथे कोमोडो ड्रॅगनची पिल्ले मोठ्यांच्या तोंडी पडू नयेत म्हणून झाडांवर राहतात. फाटा फोडायला हीच उत्तम जागा आहे: एखाद्या छोट्या बेटावर मोठे भक्ष्य संपले, तर झाडावरच वयात येणारी ठेंगणी शाखा सहज कल्पिता येते. त्या बेटावर वाहत आलेली एकटी मादीसुद्धा पुरते, कारण कोमोडो मादी नराशिवाय अंडी घालू शकते, हे 2006 मध्ये नोंदवले गेले. अशा अंड्यांतून फक्त नर निघतात, त्यामुळे पुढची पिढी आई आणि मुलगा यांच्यापासूनच वाढते आणि विचित्र गुणही लवकर रुजतात. एक पिढी 10 वर्षांची धरल्यास 10 लाख वर्षांत 1 लाख पिढ्या हाताशी येतात. (कोमोडोच्या लाळेतल्या जंतूंनी भक्ष्य मरते ही जुनी समजूत मात्र टाकून द्यावी, विषग्रंथी घ्याव्यात.)

एखादी शाखा समुद्रात न्यायची असेल, तर आधी अंड्यांचा प्रश्न सोडवावा: घोरपडीची प्रत्येक जात अंडी घालते, तेव्हा ती किनाऱ्यावर परतणार की पिल्लांना जन्म देणार, हे शेपटीचे वल्हे रेखाटण्यापूर्वी ठरले पाहिजे.